एकाच पिकावर थांबू नका : वाचायला नव्यानं बसणाऱ्यांसाठी

परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या एका मोठ्या गावात मी २२ वर्षांपासून सार्वजनिक वाचनालय चालवतो. रोज संध्याकाळी पाच ते आठ दार उघडं असतं. दाराशी येऊन घुटमळणारी माणसं या काळात खूप पाहिली. शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात न लावलेला पोरगा, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, लेकरं शिकायला बाहेर गेल्यावर दुपार मोकळी झालेली मावशी. सगळ्यांचं म्हणणं जवळपास एकच असतं, "वाचायचं तर लई मनात आहे, पण कुठून धरावं ते कळंना." हा लेख त्यांच्यासाठी लिहितोय.

तीन वर्षांखाली खतं-बियाण्यांचं दुकान असलेले एक काका आले. वय बावन्न. सहा महिन्यांत त्यांनी ओळीनं नऊ ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या होत्या आणि दहावी अर्ध्यात सोडून दिली होती. पुस्तक टेबलावर ठेवत म्हणाले, "मन उडालं सर. आता वाचन माझ्याच्यानं होत नाही." मी विचारलं, "काका, एकाच रानात कापसावर कापूस किती साल घेता?" ते म्हणाले, "तसं केल्यावर रान मरंल ना. मधी सोयाबीन असतं, तूर असती, हरभरा असतो." एवढं बोलून तेच थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले. पुढं मला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या दिवशी त्यांनी ८०-८५ पानांचं एक प्रवासवर्णन नेलं. चौथ्या दिवशी ते दुसरं मागायला आले, आणि पुढच्या महिन्यात सोडलेली दहावी कादंबरीही पूर्ण केली.

वाचनाची गोडी वर्षानुवर्षं टिकलेली जी माणसं मी पाहिली, त्या सगळ्यांचं रहस्य हेच होतं. त्यांच्या वाचनात पिकांसारखी फेरपालट होती. ती कशी जमवायची ते क्रमानं सांगतो.

पहिलं पाऊल : सभासद व्हा आणि कपाटापाशी जा

सुरुवातीलाच पुस्तकं विकत घेऊ नका. आपली आवड कशात आहे हे कळेपर्यंत वाचनालयासारखी सोय नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्या कायद्याखाली मान्यता असलेल्या ग्रंथालयांना शासनाचं अनुदान मिळतं आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. वर्ग 'ड' असला म्हणून नाक मुरडू नका. लहान वाचनालयात ग्रंथपालाला प्रत्येक पुस्तक हाताखालून गेलेलं माहीत असतं. वर्तमानपत्रं आणि मासिकं तिथं बसून वाचायला पैसे पडत नाहीत. पुस्तक घरी न्यायचं तर थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी भरावी लागते. ती गावोगाव वेगळी असते, पण खिशाला जड नसते.

सभासद झालात की एक गोष्ट आवर्जून मागा. देवघेवीच्या टेबलावरून पुस्तक घेऊन निघू नका, "मला कपाटापाशी जाऊन बघू द्या" असं म्हणा. मी शाळेत असताना तालुक्याच्या एका वाचनालयात खिडकीतून पुस्तकाचं नाव सांगावं लागायचं. नाव माहीत नसेल तर पुस्तक नाही. अकरा वर्षांच्या पोराला कोणती नावं माहीत असणार? मी चार महिने एकाच लेखकाची पुस्तकं नेत राहिलो, कारण मला तेवढंच नाव येत होतं. म्हणून आमच्याकडं सगळी कपाटं उघडी ठेवलीत. सभासद हात लावून, चाळून, दोन पानं उभ्यानं वाचून मग ठरवतात. त्यात पुस्तकं थोडी मागंपुढं होतात, ती रात्री मी लावून घेतो.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारीखपट्टी बघायची सवय लावा. शिक्क्यांनी भरलेली पट्टी म्हणजे गावाची पसंती. पण कोऱ्या पट्टीचं पुस्तकही अधूनमधून उचला. आमच्याकडं पक्ष्यांवरचं एक पुस्तक नऊ वर्षं कुणी नेलं नव्हतं. एका आठवीतल्या मुलीनं ते नेलं. आता त्याची पट्टी दोनदा बदलावी लागली आहे, कारण ती मुलगी ज्याला त्याला त्याबद्दल सांगत सुटली.

दुसरं पाऊल : एक जुना दिवाळी अंक पेन्सिल घेऊन वाचा

आपल्याला काय आवडतं हे माहीत नसणाऱ्यासाठी मराठीइतकी चांगली सोय दुसरीकडं क्वचित असेल. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी आणि अंक ही जोडी घराघरात बसली. एकाच अंकात कथा, कविता, एखाद्या माणसाची आठवण, प्रवास, शेतीवरचा लेख, व्यंगचित्रं, कधी आख्खी कादंबरी. म्हणजे फराळासारखं थोडं थोडं सगळं ताटात.

मार्चनंतर वाचनालयात किंवा रद्दीवाल्याकडं मागच्या वर्षीचे अंक सहज मिळतात. रद्दीतला घेतला तर हातात पेन्सिल ठेवा. जे शेवटपर्यंत वाचलं त्यावर बरोबरची खूण करा, जे मध्येच सोडलं तिथं, नेमक्या ओळीपाशी, एक आडवी रेघ मारा. अंक संपला की फक्त खुणा बघा. मी हे आजवर बऱ्याच जणांकडून करून घेतलं आणि बहुतेकांना स्वतःबद्दल काहीतरी नवीन कळलं. स्वतःला कथांचा माणूस समजणाऱ्या आमच्या कंडक्टर काकांच्या सगळ्या खुणा आठवणींच्या लेखांवर निघाल्या. त्यांना मग आत्मचरित्रांच्या कपाटापाशी नेलं.

तिसरं पाऊल : मोठ्यानं वाचा

हे पाऊल मला सगळ्यात जवळचं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

आपल्याकडं पुस्तक ही मुळात ऐकायची गोष्ट होती. श्रावण लागला की देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर पोथी लागायची. एक जण चालीत ओवी वाचायचा, दुसरा तिचा अर्थ सांगायचा, आणि कापूस सरकीपासून वेगळा करत, वाती वळत बाया ऐकत बसायच्या. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण अजून गावोगाव होतं. माझी आजी एक अक्षर शिकलेली नव्हती. एकदा चौथीत असताना आमच्या ओसरीवर पोथी वाचायचा मान मला मिळाला. खेळायला जायची घाई होती, म्हणून मी दोन ओव्या गाळून पान उलटलं. आजीनं हातातली वात खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "माघारी जा बाळा. तिथं अजून दोन राहिल्यात." जिला वाचता येत नव्हतं तिला पुस्तक पाठ होतं. वाचलेलं माणसाच्या आत किती खोल जाऊन बसतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

तीच रीत नव्या पुस्तकांना लावा. जेवणं झाल्यावर २० मिनिटं एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. लघुकथेपासून सुरुवात करा, कारण ती एका बैठकीत संपते आणि "पुढं काय झालं" हा प्रश्न घरात सोडून जात नाही. आमच्या गल्लीत एक सून सासूला भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता कथा वाचून दाखवते. सासूबाई प्रत्येक कथेनंतर पात्रांना नावं ठेवतात किंवा त्यांची बाजू घेतात, आणि त्या दोघींमध्ये स्वयंपाकाच्या पलीकडं बोलायला एक विषय झालाय.

कविता तर मोठ्यानंच वाचायची असते. मनातल्या मनात वाचली की ती गद्यासारखी सपाट होते, आणि मग लोक म्हणतात कविता कळत नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी पळसखेडला शेती करत लिहिणाऱ्या ना. धों. महानोरांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह १९६७ साली आला. तो रानात, बांधावर उभं राहून वाचून बघा. त्यातली लय आपल्या बायाबापड्यांच्या गाण्यातून आलेली आहे, कान ती लगेच ओळखतो. दिवसाला दोन कविता पुष्कळ झाल्या. कवितेचं पुस्तक संपवायचं नसतं, ते उशाशी असावं.

चौथं पाऊल : एक जवळचं, एक लांबचं

आता फेरपालटीचा साधा नियम. एक पुस्तक आपल्या मुलखातलं घ्या, त्याच्या पाठोपाठ एक लांबच्या मुलखातलं.

जवळचं म्हणाल तर मराठवाड्याइतकं श्रीमंत रान शोधून सापडणार नाही. सातवाहनांची राजधानी आपलं पैठण. त्या घराण्यातल्या हाल राजाच्या नावानं ओळखली जाणारी गाथासप्तशती म्हणजे प्राकृतातल्या सातशे छोट्या कविता. प्रत्येक दोन ओळींची. नांगर धरणारा माणूस, पहिला पाऊस, परगावी गेलेला नवरा, गोदेचा काठ, भांडलेल्या जावा. मराठी अनुवादासह ती मिळते. इतक्या शतकांपूर्वीचं वाचतोय असं एकदाही वाटत नाही, आपल्याच गावची बातमी वाटते.

त्यानंतर १३ व्या शतकातलं 'लीळाचरित्र'. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसं शोधून, विचारून गोळा केल्या. एकेक लीळा अर्ध्या-पाऊण पानाची. वाक्यं इतकी लहान आणि बोलकी की टिपा असलेली आवृत्ती हाताशी असेल तर आठवडाभरात जुनी भाषा तोंडात बसते. पुढं महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपून ठेवले, त्यामुळं शेकडो वर्षं ते पंथाबाहेरच्या वाचकाला दिसलेच नाहीत. आज ते आपण वाचनालयातून घरी नेऊ शकतो. ही साधी गोष्ट नाही.

आजच्या काळाकडं यायचं तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं ते १९५० साली. त्याच्या नागसेनवन या परिसरात शिकलेल्या पिढीनं मराठी साहित्याला असं जगणं दाखवलं जे त्याआधी छापील पानावर आलंच नव्हतं. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आत्मकथन वाचताना घाई करू नका. एखादं पान जड जाईल, तेव्हा पुस्तक मिटून अंगणात फेरी मारून या आणि मग पुन्हा उघडा. ज्यानं ते जगलं त्याला पान मिटायची सोय नव्हती, हेही मनात असू द्या.

आणि विचारांचं पुस्तक म्हणून नांदेडचे नरहर कुरुंदकर. 'श्रीमान योगी' ही कादंबरी पुष्कळ जणांनी वाचलेली असते, पण तिला कुरुंदकरांनी लिहिलेली दीर्घ प्रस्तावना लोक पानं उलटून पुढं जातात. ती रणजित देसाईंना लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. आधी कादंबरी वाचा, मग मागं येऊन ती प्रस्तावना वाचा. एकाच माणसाकडं कादंबरीकार कसा बघतो आणि इतिहासाचा चिकित्सक कसा बघतो, हे एकाच पुस्तकाच्या पुठ्ठ्यांमध्ये दिसतं. खतांच्या दुकानाच्या काकांना मी हेच करायला लावलं. ते म्हणाले, "आता पहिल्या नऊ पुन्हा वाचाव्या लागतात की काय!"

लांबचं म्हणजे लगेच अमेरिका, रशिया नको. उदगीर, देगलूरच्या माणसाला कन्नड आणि तेलुगू शेजारघरची. उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या आमच्याकडं कायम बाहेर असतात, नंबर लावावा लागतो. उर्दू तर आपल्या घरातलीच. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून व्हायचं, त्यामुळं १९४८ च्या आधी शिकलेली आपली आजोबांची पिढी मराठी पोथी आणि उर्दू अखबार दोन्ही वाचायची. आपण अजून शेतकऱ्याला कास्तकार म्हणतो ते तिथूनच आलं. १८ व्या शतकात औरंगाबादेत राहून गझला लिहिणारे सिराज औरंगाबादी देवनागरी लिपीत वाचून बघा. शब्द अडतील, पण वाटतात तेवढे नाही. त्यानंतर रशियन, जपानी, आफ्रिकी अनुवादांकडं जा.

पाचवं पाऊल : आपल्या अडचणीचं पुस्तक शोधा

बऱ्याच जणांना वाटतं, वाचन म्हणजे गोष्टींचीच पुस्तकं. माहितीच्या पुस्तकाकडं जायची सोपी वाट म्हणजे स्वतःला छळणारा एखादा प्रश्न.

आमच्या शिवारातल्या एका शेतकऱ्यानं तीन बोअर घेतले. तिन्ही कोरडे. शेजारच्या रानात, पन्नास-साठ पावलांवर, पाणी होतं. तो चिडून वाचनालयात आला आणि भूजलावरची पुस्तिका घेऊन गेला. आपला काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही, पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर सहाशे फुटांवरही धूळ. हे वाचल्यावर त्यानं चौथा बोअर घेतला नाही, आधी शेतातलं पावसाचं पाणी अडवायच्या मागं लागला. आणि गंमत म्हणजे तो तिथंच थांबला नाही. हा पाषाण आला कुठून, म्हणून ज्वालामुखीवर वाचलं. मग भूकंपावर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्याची बहीण त्या भागात नांदत होती. गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या जड थराचं माळवद, यांनीच माणसं दाबली गेली, हे त्यानं पुस्तकातली घराची आकृती बोटानं दाखवत मला सांगितलं. बराच वेळ बोट त्या आकृतीवरच होतं. विज्ञानाचं पुस्तक माणसाला असं आतून हलवू शकतं.

वाचनालयात नेमकं पुस्तक नसेल तर मराठी विश्वकोशाचे सगळे खंड इंटरनेटवर फुकट वाचायला आहेत. एखादी नोंद मोबाइलवर वाचायला दहा मिनिटं लागतात. फुले, आंबेडकरांचं समग्र लेखन स्वस्तात विकत हवं असेल तर संभाजीनगरच्या शासकीय ग्रंथागारात चौकशी करा. जिल्ह्याच्या ठिकाणी दरवर्षी ग्रंथोत्सव भरतो, तोही चुकवू नका. २०२० ला धाराशिवला आणि २०२२ ला उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा आमच्या गावातून माणसं जीप करून फक्त पुस्तकांच्या गाळ्यांसाठी गेली होती.

इतिहासाचं पुस्तक जागेवर जाऊन वाचावं. मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली आणि पुढं नहरी खोदून शहरात पाणी आणलं, हे वाचून मग संभाजीनगरात फिरा.

सहावं पाऊल : सोडायला लाजू नका

पन्नास पानं द्या. नाही लागलं मन, तर परत करा. पुस्तक वाईट नसतं, वेळ आलेली नसते. पोथीसारखं प्रत्येक पुस्तक पूर्ण केलंच पाहिजे, हा धाक काढून टाका. एक वही मात्र ठेवा : पुस्तकाचं नाव, प्रकार, तारीख, एक ओळ. सोडलेल्याचीही नोंद करा. एकाच प्रकाराची तीन नावं खाली-खाली दिसली की चौथं वेगळं घ्यायचं.

पुस्तक घरात असेपर्यंत पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरतं. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाची सुकवलेली पानं कपाटात टाका. ओली पानं डाग पाडतात.

सातवं पाऊल : वेळ नाही असं म्हणण्याआधी

आमचा एक सभासद २६ वर्षांचा आहे. दरसाल दिवाळीनंतर कोयता घेऊन बायकोसह ऊसतोडीला जातो, पाच महिन्यांनी येतो. नियमानं पुस्तक १५ दिवसांत परत यायला हवं. कार्यकारिणीपुढं विषय ठेवून आम्ही अशा सभासदांना हंगामभरासाठी चार पुस्तकं द्यायचं ठरवलं. गेल्या साली त्यानं निवडली ती अशी : एक कादंबरी, एक शेळीपालनावरचं, एक कथासंग्रह आणि मी आग्रहानं दिलेलं एक नाटक. नाटकाला तो नाहीच म्हणत होता. "बघायची गोष्ट आहे सर ती, वाचून काय करू?"

एप्रिलमध्ये चारही पुस्तकं परत आली. कादंबरीत खूण म्हणून उसाचं वाळलेलं पाचट होतं, सत्तराव्या पानाशी. शेळीपालनाच्या पुस्तकाला तेलाचा डाग. नाटकाचा पुठ्ठा मात्र पार सुटलेला होता. मी उघडून पाहिलं तर पात्रांच्या नावांपुढं पेन्सिलनं वेगवेगळ्या अक्षरांत नावं लिहिलेली. टोळीतल्या सहा जणांनी भूमिका वाटून घेतल्या होत्या. रात्री कोपीसमोर, म्हणजे राहायच्या झोपडीसमोर, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावलेल्या दिव्यात, अंगावर गोधड्या घेऊन ते रोज एक प्रवेश वाचायचे. आईची भूमिका त्याच्या बायकोनं केली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तो आधी तिची वाक्यं वाचून दाखवायचा आणि ती पाठ करून म्हणायची.

पुठ्ठा मी शिवून घेतला. पेन्सिलची नावं खोडली नाहीत. यंदा दिवाळीच्या आधीच ती दोघं आली होती, आणि दुसरं नाटक तिनं मागितलं.